मनुष्यबळ कपात आणि मागे राहिलेली माणसे : अंबडमधील एका कारखान्याचे वर्ष

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. जुने कामगार या विभागाला अजूनही ‘टाइम ऑफिस’च म्हणतात. सप्टेंबर 2024 पासून पुढे वर्षभर आमच्याकडे मनुष्यबळ कपातीची प्रक्रिया चालली. कपात कशी करावी, भरपाईचा हिशेब कसा मांडावा, याची माहिती सल्लागारांकडे मिळते. जे कामावर राहतात त्यांचे मन कामात कसे राहील, याबद्दल मात्र मला फारसे कोणी काही सांगू शकले नाही. सातपूर, अंबड, सिन्नर किंवा गोंद्याच्या एखाद्या कारखान्यात माझ्या जागी बसलेल्या व्यक्तीला उपयोगी पडेल, या हेतूने घडले तसे लिहीत आहे.

आमचे निम्म्याहून अधिक काम डिझेल इंजिनांच्या भागांचे होते. 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुराबाबतची भारत स्टेज-6 मानके लागू झाली, त्याच सुमारास मारुती सुझुकीसारख्या मोठ्या कंपनीने डिझेल गाड्या बनवणे थांबवले, आणि छोट्या डिझेल गाड्यांचा बाजार आटत गेला. आम्ही चार वर्षे इतर कामांवर तग धरला, पण ऑगस्ट 2024 मध्ये मुख्य ग्राहकाने पुढील वर्षाचे वेळापत्रक पाठवले तेव्हा दोन लाइन चालवण्याइतके काम उरले नसल्याचे स्पष्ट झाले. कायम कामगार दीडशेहून अधिक होते आणि त्यांपैकी सुमारे पन्नास जण कमी करावे लागतील, असा निर्णय सप्टेंबरमध्ये झाला.

पहिला प्रश्न मार्गाचा होता. औद्योगिक विवाद अधिनियम 1947 च्या पाच-ब प्रकरणानुसार 100 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस आवश्यक होती. परवानगी मिळाली तरी कायद्याने द्यायची भरपाई सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाची, आणि सर्वसाधारण नियम ‘शेवटी आलेला आधी जाईल’ असा. म्हणजे आमच्याकडची तरुण, नव्या मशीनवर शिकलेली मुलेच आधी बाहेर गेली असती. स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याच्या व्याख्येत कपात ठरत नाही, म्हणून आम्ही तो मार्ग घेतला. (21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, तिच्यात पूर्वपरवानगीची मर्यादा 300 कामगारांची आहे, आणि कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरण्याची तरतूद आहे. त्यामुळे यापुढे हा विचार करणाऱ्यांनी आमचा आराखडा जसाच्या तसा उचलू नये.)

दुसरा प्रश्न सांगण्याच्या वेळेचा होता, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच ठरला. व्यवस्थापनातील काहींचे म्हणणे होते की दिवाळी होऊ द्यावी, बोनस हातात पडू द्यावा आणि मग विषय काढावा. सणाच्या तोंडावर कोणाचे मन का दुखवायचे. या म्हणण्यामागे आपुलकी होती, हे मला मान्य आहे. परंतु सिडको, पाथर्डी फाटा, उत्तमनगर या भागांत राहणारा आमचा कामगार दसऱ्याला आणि पाडव्याला मोठी खरेदी करतो; कोणी दुचाकी घेतो, कोणी फ्लॅटचे टोकन देतो, आणि त्यातले बहुतेक कर्जावर असते. हप्ता सुरू झाल्यानंतर पंधरा दिवसांनी त्याला कपातीची बातमी कळली, तर तो आयुष्यभर एवढेच लक्षात ठेवील की यांना ठाऊक होते आणि यांनी मला कर्ज घेऊ दिले. शिवाय अफवा आधीच पसरली होती. वेळापत्रक आटल्याचे स्टोअरमधल्या माणसाला व्यवस्थापकाच्याही आधी कळते. अखेर दसऱ्यानंतरच्या सोमवारी, 14 ऑक्टोबर 2024 रोजी, दिवाळीच्या खरेदीआधी, तिन्ही पाळ्यांना प्लांट हेड साहेबांनी स्वतः उभे राहून सांगितले.

त्या दिवशी काय सांगायचे, हे आम्ही एका कागदावर लिहून ठेवले होते, आणि हा कागद मी प्रत्येकाला करायला सांगेन. त्यात तीन भाग होते : जे ठरले आहे ते, जे ठरलेले नाही ते, आणि जे ठरलेले नाही ते कोणत्या तारखेला कळेल. ‘कोणाचेही नुकसान होणार नाही’ किंवा ‘ही शेवटचीच वेळ’ अशी वाक्ये आम्ही जाणीवपूर्वक गाळली, कारण ती पाळणे आमच्या हातात नव्हते. रात्रपाळीत एका सेटरने (मशीन जुळवून देणाऱ्या कामगाराने) विचारले, “साहेब, पन्नास जणांनी अर्ज नाही केला तर?” साहेबांनी सांगितले, की त्याचे उत्तर आज नाही, अर्जाची मुदत संपल्यावर, 31 जानेवारीनंतर देईन. सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही, पण पुढील महिन्यांत अनेकांनी मला हेच उत्तर आठवण करून दिले आणि सांगितले की त्यामुळे बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसला.

त्यानंतर युनियनशी वाटाघाटी सुरू झाल्या. आम्ही सेवेच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांच्या वेतनापासून सुरुवात केली, युनियनने 60 दिवस मागितले. मध्येच विधानसभा निवडणूक आली. 20 नोव्हेंबरच्या मतदानामुळे अधिकारी निवडणूक कामावर होते आणि कामगार उपआयुक्त कार्यालयातील तारखा पुढे सरकल्या. हा काळ कारखान्यात फार जड गेला. निर्णय टांगणीला असताना माणूस मशीनवर उभा असतो, पण हात यंत्रवत चालतात. त्या दोन महिन्यांत गैरहजेरी वाढली आणि फेरकामासाठी परत येणारा मालही वाढला. या काळात आम्ही दर शुक्रवारी गेटजवळच्या फलकावर वाटाघाटींची स्थिती लिहीत असू, आणि काही नवीन नसेल तर ‘या आठवड्यात प्रगती नाही, पुढील बैठक अमुक तारखेला’ एवढेच लिहीत असू. मजकूर युनियनचे सरचिटणीस आणि मी दोघे मिळून ठरवत होतो, त्यामुळे फलकावर एक आणि युनियनच्या सभेत दुसरे, असे कधी झाले नाही.

20 डिसेंबर 2024 रोजी समेट अधिकाऱ्यांसमोर, म्हणजे औद्योगिक वादांत तडजोड घडवणाऱ्या शासकीय अधिकाऱ्यांसमोर, करार झाला. दोन पक्षांनी आपसात सही करण्यापेक्षा तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम 12(3) खाली करार करावा, असा माझा आग्रह होता, कारण तो युनियनचे सभासद असलेल्या आणि नसलेल्या सर्व कामगारांवर बंधनकारक राहत असे. मागाहून कोणी वेगळा हिशेब मागत नाही. राहणाऱ्या कामगारांच्या पाळ्यांतील आणि कामातील बदलही याच करारात घातले. तसे न करता नंतर बदल केले असते, तर कलम 9-अ नुसार 21 दिवसांची वेगळी नोटीस द्यावी लागली असती आणि कपातीची जखम ताजी असतानाच दुसरा वाद उभा राहिला असता.

रक्कम अशी ठरली : पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला 45 दिवसांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, अधिक सरसकट 50,000 रुपये, निवृत्तीला थोडेच महिने उरलेल्यांसाठी त्या महिन्यांच्या वेतनाची मर्यादा. उदाहरणार्थ, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये आणि सेवा 19 वर्षे असेल, तर योजनेचे 4,44,600 अधिक 50,000, म्हणजे 4,94,600 रुपये. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या (1961) कलम 10(10सी) नुसार 5 लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त होती, परंतु त्यासाठी आयकर नियमांतील नियम 2बीए च्या अटी पाळाव्या लागत होत्या : कामगाराची सेवा किमान 10 वर्षे किंवा वय 40 वर्षे पूर्ण हवे होते, आणि रिकामी झालेली जागा पुन्हा भरता येत नव्हती. याच कामगाराची ग्रॅच्युइटी 15,600 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 19, म्हणजे 1,71,000 रुपये, ती वेगळी. प्रत्येक अर्जदाराला सही करण्याआधी असा स्वतःच्या आकड्यांचा कागद मराठीत द्यावा आणि तो घरी नेऊ द्यावा. आमच्याकडे अनेकांच्या पत्नी तो कागद घेऊन विचारायला आल्या, आणि कारखान्यातल्या माणसांपेक्षा त्यांचे प्रश्न अधिक नेमके होते.

1 ते 31 जानेवारी 2025 ही अर्जाची मुदत होती. अर्ज मागे घेण्यासाठी सात दिवस अधिक ठेवले होते आणि तिघांनी त्याचा उपयोगही केला. अपेक्षेपेक्षा थोडे अधिक अर्ज आले, आणि येथून खरा अवघड भाग सुरू झाला. ज्याच्या हातात कसब आहे त्याला बाहेर काम मिळण्याची खात्री असते, म्हणून स्वेच्छानिवृत्तीत तोच आधी अर्ज करतो. टूलरूममधील, म्हणजे डाय (साचे) आणि हत्यारे दुरुस्त करणाऱ्या विभागातील, आमचे सर्वांत अनुभवी फिटर, वय 52, यांचाही अर्ज आला होता. त्यांना निफाडजवळच्या शेतात द्राक्षबाग उभी करायची होती. अर्ज नाकारण्याचा अधिकार योजनेत कंपनीकडे होता आणि ते गेले असते तर डाय दुरुस्तीचे काम अडले असते. परंतु नाकारलेला अर्जदार हाच उद्याचा राहणारा कामगार असतो. त्याला थांबवून ठेवता येते, त्याचे मन थांबवता येत नाही.

मनुष्यबळ क्षेत्रात जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी 1991 मध्ये केलेली मांडणी बहुतेकांना ठाऊक असते : माणूस संस्थेशी आपुलकीने बांधलेला असतो, किंवा कर्तव्यभावनेने, किंवा सोडून जाणे परवडत नाही म्हणून. अर्ज नाकारताना आपण पहिल्या दोन प्रकारांतील माणसाला तिसऱ्यात ढकलतो. म्हणून आम्ही करारात एक कलम आधीच घातले होते, की अर्ज मंजूर करून कार्यमुक्तीची तारीख कंपनी जास्तीत जास्त सहा महिने पुढे नेऊ शकेल आणि अटी त्याच राहतील. दादांना, म्हणजे त्या फिटरना, प्लांट हेड साहेबांनी स्वतः बोलावून कारण सांगितले, 29 ऑगस्ट 2025 ही तारीख लेखी दिली आणि दोन तरुणांना तयार करण्याची विनंती केली. त्यांनी एवढेच विचारले, “तारीख पुन्हा पुढे जाणार नाही ना?” उत्तर पत्रातच लिहिलेले होते. ज्यांचे अर्ज पूर्णपणे नाकारावे लागले, त्यांनाही प्रत्येकाला लेखी कारण दिले. कॅन्टीनमध्ये तोंडी सांगून मोकळे होणे, हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

28 फेब्रुवारी 2025 हा बहुतेकांचा शेवटचा दिवस होता. निरोप समारंभाचा विषय निघाला तेव्हा कामगार प्रतिनिधींनी स्पष्ट सांगितले, की शाल-श्रीफळ नको, कागद पूर्ण करून द्या. त्यामुळे फेब्रुवारीभर आम्ही कॅन्टीनच्या एका कोपऱ्यात टेबल लावून भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे तपासली. आधार कार्डावर एक नाव, निधीच्या खात्यात दुसरे. जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे वेगळी. वडिलांच्या नावात एक अक्षर कमी, अशा चुका इतक्या निघाल्या की कंपनी आणि कामगार दोघांच्या सहीची संयुक्त घोषणापत्रे भरण्यातच बराच काळ गेला. माणूस कामावर असताना ही दुरुस्ती सोपी असते. कार्यमुक्त झाल्यावर तो खेटे घालत राहतो. दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांना पेन्शनची रक्कम एकदम काढता येत नाही, पूर्ण पेन्शन वयाच्या 58 व्या वर्षापासून मिळते, हे आधी समजावून सांगावे, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे असलेल्या माणसाला स्वेच्छानिवृत्तीनंतरही वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. सातपूरच्या विमा रुग्णालयात जाणाऱ्या कुटुंबांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती त्यांना कोणी सांगितलेली नसते.

या टेबलाभोवती एक वेगळीच गोष्ट घडली. न जाणारे कामगारही रांगेत उभे राहू लागले. “मॅडम, मी जात नाही, पण माझेही नाव बघता का?” असे विचारणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि मार्चमध्येही टेबल चालू ठेवावे लागले. कपातीनंतर मागे राहणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या जोएल ब्रॉकनर यांच्या संशोधनाचा गाभा मला तेव्हा प्रत्यक्ष दिसला : मागे राहिलेला माणूस व्यवस्थापनाचे मोजमाप करतो ते जाणाऱ्याला कसे वागवले यावरून. योजनेची रक्कम 28 फेब्रुवारीलाच बँकेत जमा झाली आणि ग्रॅच्युइटी कायद्याने दिलेल्या 30 दिवसांच्या आत दिली गेली, ही बातमीही सिडकोच्या चौकाचौकांतून आमच्या आधी कारखान्यात परत आली.

मात्र याने सगळे सुरळीत झाले, असे नाही. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग यांच्या 2008 च्या अभ्यासात कपातीनंतर स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे आढळले होते, आणि आमच्याकडे ते स्टाफमध्ये दिसले. अभियंते आणि सुपरवायझर यांच्यासाठी युनियन नाही, करार नाही. त्यांच्यातील काही जणांना वेगळ्या बोलणीने जावे लागले होते. एप्रिलमध्ये दोन तरुण अभियंते चाकणला गेले. त्यांच्यातील एकाशी सविस्तर बोलले तेव्हा त्याने सांगितले, की पगाराची अडचण नव्हती. लाइनवरचा प्रत्येक माणूस ‘पुढे काय’ हे त्यालाच विचारत होता आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर प्लांट हेड साहेब महिन्याच्या पहिल्या सोमवारी आधी सुपरवायझरना पुढील तीन महिन्यांच्या मागणीचे आकडे देऊ लागले आणि मग तेच आकडे फलकावर लागू लागले. सुपरवायझरला कामगाराच्या एक तास आधी माहिती मिळणे, ही वरवर लहान व्यवस्था आहे. तिने त्याचा मान राखला जातो.

कामाच्या वाटणीबद्दलही लिहायला हवे. पन्नास माणसे गेली की त्यांचे काम उरलेल्यांच्या पाठीवर येते, आणि सहा महिन्यांनी तेही थकून जायची भाषा करतात. दोन लाइन बंद झाल्या तरी त्यांच्यासोबतच्या नोंदवह्या, दुबार तपासण्या आणि दैनिक अहवाल कोणी बंद केले नव्हते. मार्चमध्ये प्रत्येक विभागाला विचारले, की कोणते काम थांबवले तर ग्राहकाला फरक पडणार नाही. त्या यादीतील बहुतेक कामे खरोखरच थांबवली. राहिलेल्यांनी नोकरी सोडून जाऊ नये म्हणून त्यांना रोख बोनस द्यावा, असाही प्रस्ताव होता. मी त्याच्या बाजूने नव्हते, कारण तो काहींनाच मिळाला असता आणि बाकीच्यांना आपली किंमत कळल्यासारखे वाटले असते. त्याऐवजी चालू वेतनकरार जसाच्या तसा पाळला गेला आणि व्यवस्थापकांची वेतनवाढ त्या वर्षी थांबवण्यात आली. ती थांबवल्याचे फलकावर लिहिले.

सर्वांत कठीण प्रसंग मे महिन्यात आला. एका ग्राहकाची तातडीची ऑर्डर आली आणि उत्पादन विभागाने ठेकेदाराकडून वीस माणसे मागितली. गेटवर सकाळी नवे चेहरे उभे दिसले असते, तर ‘आमची माणसे काढली आणि स्वस्तातली भरली’ हे वाक्य दुपारपर्यंत सर्वत्र पोहोचले असते, आणि ते खरेही ठरले असते. रिकाम्या जागा न भरण्याची अट आयकर नियमांतही होतीच. ठेकेदाराची जी माणसे ऑक्टोबरमध्येच, कोणत्याही योजनेविना, कमी केली होती, त्यांच्याबद्दल कायम कामगारांच्या मनात आधीच सल होता, आणि तो रास्त होता असे मला वाटते. कारखाना अधिनियमाप्रमाणे दुप्पट दराने ओव्हरटाइम देऊन आमच्याच माणसांकडून ती ऑर्डर पूर्ण करून घेतली. खर्च अधिक आला. वित्त विभागाने तो आकडा मला दोनदा दाखवला. पण रविवारी कामावर यायला नावे मागितली तेव्हा यादी संध्याकाळपर्यंत भरली होती, जी हिवाळ्यात दोन-दोन दिवस रिकामी राहत असे.

29 ऑगस्ट 2025 रोजी टूलरूममधील दादा ठरल्याप्रमाणे कार्यमुक्त झाले. आदल्या आठवड्यात एक डाय तुटली होती आणि त्यांना महिनाभर थांबवून घ्यावे, अशी विनंती विभागातून आली होती. साहेबांनी ती मान्य केली नाही. दादांनी शिकवलेल्या दोन मुलांनी ती डाय दुरुस्त केली. वेळ अधिक लागला, पण काम झाले. लेखी दिलेली तारीख पाळली गेली, याची चर्चा टूलरूमच्या बाहेरही बरीच झाली.

दिवाळीच्या आधीच्या सभेत त्या दोघांपैकी एकाने उठून विचारले, की पुढच्या वर्षी पुन्हा योजना येणार आहे का. साहेबांनी सांगितले, की मार्च 2026 पर्यंतच्या ऑर्डर हातात आहेत आणि तोपर्यंत असा कोणताही विचार नाही. पुढचे चित्र फेब्रुवारीत स्पष्ट होईल आणि ते याच ठिकाणी सांगेन. पुढचा प्रश्न नव्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या प्रशिक्षणाला कोणाला पाठवणार, हा होता. सहा जणांनी हात वर केले आणि त्यांची नावे मी तिथेच लिहून घेतली.